शेती, घर, ठेवी पुढच्या पिढीकडे: मृत्युपत्र, बक्षिसपत्र आणि कौटुंबिक ट्रस्ट (सातारा-सांगलीतल्या कुटुंबांसाठी)

आपल्या भागातल्या घराची मिळकत एका जागी आणि एका प्रकारची क्वचितच असते. कृष्णाकाठी दोन-तीन एकर ऊस, वरच्या अंगाला थोडी जिरायत, गावठाणात जुने घर, कराडला किंवा मिरजेत फ्लॅट, जिल्हा बँकेत ठेवी, कारखान्याचा शेअर, विकास सोसायटीचे कर्ज, नदीवरच्या पाणीपुरवठा संस्थेत हिस्सा. यातल्या प्रत्येकाचे कार्यालय वेगळे आणि नियम वेगळे. घरातला कर्ता माणूस गेल्यावर वारसांना सात-आठ ठिकाणी फिरावे लागते ते यामुळेच.

हल्ली कुणीही सल्लागार भेटला की 'फॅमिली ट्रस्ट करून टाका' असे सांगतो. आमचे स्पष्ट मत असे की ट्रस्ट हा शेवटचा टप्पा आहे आणि बहुतेक कुटुंबांना तो लागतही नाही. आधी नोंदी साफ करायच्या, मग मृत्युपत्र, मग हयातीत द्यायचे असेल ते बक्षिसपत्राने किंवा वाटणीने, आणि त्यानंतरही गरज उरली तर ट्रस्ट. सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव असताना केलेला ट्रस्ट म्हणजे पैसे खर्चून घेतलेले भांडण.

हा लेख प्रामुख्याने हिंदू, जैन, बौद्ध आणि शीख कुटुंबांसाठी आहे, कारण त्यांना हिंदू वारसा कायदा १९५६ लागू होतो. मुस्लिम कुटुंबांत मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांशच मिळकत देता येते, बाकीची शरियतच्या हिश्श्यांप्रमाणे जाते. त्यांनी मृत्युपत्राचा टप्पा तसाच्या तसा वापरू नये. आणखी एक शंका आधीच मिटवू: भारतात वारसा कर नाही, तो १९८५ मध्ये रद्द झाला. त्यामुळे कर वाचवण्यासाठी घाईने मुलांच्या नावावर करण्याचे काही कारण नाही.

१. यादी आणि कागद गोळा करा

एक वही घ्या. प्रत्येक मिळकतीसमोर चार गोष्टी लिहा: ती कशी आली (खरेदी, वारसा, वाटणी, बक्षीस), आज कागदावर नाव कुणाचे, तिच्यावर बोजा किती, मूळ कागद कुठे आहे. लागणारे कागद असे:

- शेतजमीन: सातबारा, आठ-अ, आणि १९५० च्या आसपासपासूनचे सगळे फेरफार (उताऱ्यावरचे नाव किंवा हक्क बदलल्याची नोंद) उतारे. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळतात.
- गावठाणातले किंवा शहरातले घर: सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका, नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, खरेदीखत, घरपट्टीची पावती.
- फ्लॅट: नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक २, सोसायटीचे भागपत्र.
- बँक, पोस्ट, पतसंस्था: खात्यांची यादी, नॉमिनीच्या नोंदीची पोच.
- विमा, म्युच्युअल फंड, डिमॅट: पॉलिसी क्रमांक, फोलिओ क्रमांक.
- सहकारी: कारखान्याचे भागपत्र, विकास सोसायटी आणि पाणीपुरवठा संस्थेचे सभासदत्व, कृषीपंपाचे वीजबिल.
- कुटुंब: सगळ्यांचे आधार, पॅन, आणि जे गेले त्यांचे मृत्यू दाखले.

कर्जाची यादी तितक्याच काळजीने करा. दुसऱ्याच्या कर्जाला दिलेली जामीनकी लोक हमखास विसरतात, आणि वारसांना ती पतसंस्थेच्या नोटिशीतून कळते.

विटा, खानापूर, आटपाडी भागातल्या गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातल्या घरांसाठी एक जादा रकाना: परराज्यातले दुकान, गाळा, भाडेकरार आणि भागीदारीचा करारनामा. तिथल्या मिळकतीचे मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या राज्याच्या नियमाने होते. भागीदाराच्या मृत्यूनंतर पेढी चालू राहणार की नाही, हे करारनाम्यात लिहिलेले नसेल तर आजच लिहून घ्या.

२. वडिलोपार्जित की स्वतःची, हे आधी ठरवा

इथे चूक झाली की पुढचा प्रत्येक कागद लंगडा पडतो. स्वतःच्या कमाईची मिळकत तुम्ही मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकता. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मात्र फक्त तुमचा हिस्साच देता येतो.

'आजोबांची जमीन म्हणजे वडिलोपार्जितच' हा समज सर्वत्र आहे आणि तो दरवेळी खरा नसतो. आजोबांनी ती स्वतः खरेदी केली असेल आणि ते १९५६ चा कायदा आल्यानंतर वारले असतील, तर वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे वडिलांना मिळालेला हिस्सा त्यांची स्वतंत्र मिळकत ठरतो. नातवाला त्यात जन्माने हक्क नाही. म्हणून जुने फेरफार मागवायचे. आजोबांचे नाव खरेदीने लागले की वारसाने, आणि वारसाचा फेरफार कोणत्या सालचा, या दोन नोंदींवर बरेच काही ठरते.

मुलींचा हक्क: ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाप्रमाणे जन्माने हिस्सेदार आहे. वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सांगितले. लग्न कधी झाले याचा काही संबंध नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या तेवढ्या तशाच राहतात.

हिशेब पाहा. घरात नवरा, बायको, एक मुलगा, एक मुलगी. चार एकर वडिलोपार्जित बागायत. वाटणी मानली तर प्रत्येकाचा चौथा हिस्सा, म्हणजे एक-एक एकर. वडिलांनी 'माझी चार एकर जमीन मुलाला' असे मृत्युपत्र केले तरी ते चालते फक्त त्यांच्या एक एकरापुरते. मृत्युपत्रच केले नाही तर तो एक एकर बायको, मुलगा आणि मुलगी यांत समान वाटला जातो. वडिलांची आई हयात असेल तर तीही पहिल्या वर्गातली वारस आहे आणि तिलाही बरोबरीचा वाटा मिळतो. वारसनोंदीत हिचेच नाव सर्वात जास्त वेळा राहून जाते.

बाईच्या नावावरच्या मिळकतीचा क्रम वेगळा आहे. मृत्युपत्र नसेल तर आधी मुले आणि नवरा. मूल नसेल, आणि मिळकत तिला माहेरहून वारसाने आलेली असेल, तर ती माहेरच्या वारसांकडे परत जाते. मूलबाळ नसलेल्या दांपत्याने म्हणूनच दोघांचीही मृत्युपत्रे करावीत.

३. नोंदी साफ करा

आपल्याकडे अडचण येते ती बहुधा याच टप्प्यावर, आणि वेळही इथेच जातो. सातबाऱ्यावर हे शोधा:

थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असा शेरा. जमीन सगळ्या भावांची असते, उताऱ्यावर एकच नाव दिसते. थोरला गेला की त्याच्याच मुलांची नावे लागतात आणि चुलत्यांची पुढची पिढी उताऱ्याबाहेर राहते. जुन्या फेरफाराच्या आधारे तहसीलदारांकडे अर्ज करून सगळ्यांची नावे कब्जेदार सदरी (उताऱ्यावरच्या मालकांच्या रकान्यात) आणा. निव्वळ लेखनातली चूक असेल तर ती महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त होते.

बहिणींची नावे 'इतर हक्क' या रकान्यात. हक्क असूनही पीककर्ज, भूसंपादनाचा मोबदला, अनुदान यांत त्या बाहेर राहतात.

मयत खातेदाराचे नाव तसेच राहिलेले. २०२५ मध्ये शासनाने 'जिवंत सातबारा' मोहिमेत अशी नावे काढायला घेतली. तुमच्या उताऱ्यावर अजून असतील तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (आपल्या तोंडी अजूनही तलाठीच) किंवा ई-हक्क प्रणालीवर वारसनोंदीचा अर्ज करा. सोबत मृत्यू दाखला आणि सर्व वारसांची नावे, वये, नाती, पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र. मग नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

'भोगवटादार वर्ग २' किंवा कूळकायद्याचा शेरा. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, वारणा धरणांच्या पुनर्वसनात मिळालेल्या जमिनींवर असे निर्बंध खूप ठिकाणी आहेत. वारसाने नाव लागायला हरकत नसते, पण विक्री, बक्षीस किंवा ट्रस्टसाठी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. कूळकायद्याने मिळालेली जमीन मृत्युपत्राने घराबाहेरच्या माणसाला देण्याचा प्रयत्न करू नका. तो न्यायालयात टिकत नाही.

फेडलेल्या कर्जाचा बोजा. सोसायटीचा बेबाकी दाखला (कर्ज बाकी नसल्याचा) घेऊन तो कमी करून घ्या.

सांगली-मिरज-कुपवाड भागात गुंठेवारीचे, म्हणजे शेतजमीन विनापरवाना गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेले, प्लॉट पुष्कळ आहेत. घर पक्के, घरपट्टी नावावर, पण जागेचा आधार म्हणजे मुद्रांकावर नोटरी करून घेतलेला कागद. घरपट्टीची पावती मालकी देत नाही. आधी नियमितीकरण, मग वारसाचा विचार.

आणि तुकडेबंदी, म्हणजे ठरलेल्या किमान (प्रमाणभूत) क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला बंदी. सातारा-सांगलीसह बहुतेक जिल्ह्यांत २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. २५ गुंठे ऊस तिघांना वाटायचा म्हटला तर प्रत्येकी साधारण ८.३३ गुंठे येतात, आणि तो तुकडा होतो. मृत्युपत्रात तसे लिहिले म्हणून तुकडा कायदेशीर होत नाही. असे असेल तर जमीन एकाला द्यावी आणि इतरांना घर किंवा ठेवी, नाहीतर तिघांची नावे सामाईक ठेवून वहिवाट ठरवून घ्यावी. जमिनीबरोबर विहिरीची पाळी, पाइपलाइन, मोटर आणि रस्ता हेही लिहायचे. तासगावच्या द्राक्षबागेत किंवा वाळव्याच्या उसात पाण्याशिवाय मिळालेल्या हिश्श्याला काय किंमत राहते, हे बागायतदाराला सांगायला नको.

४. नॉमिनी भरा, पण त्याला मालक समजू नका

ठेवींवर, शेअरवर, म्युच्युअल फंडावर नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा माणूस. मालक वारस किंवा मृत्युपत्रातला लाभार्थी. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८३ मध्ये आणि शेअरबाबत २०२३ मध्ये हेच सांगितले. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते, हा अपवाद.

तरीही नॉमिनी नसेल तर बँक न्यायालयाचा दाखला मागू शकते, म्हणून तो भराच. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार नॉमिनी टक्केवारीसह देता येतात. लॉकरला मात्र एकामागून एक या क्रमानेच. मृत्युपत्रात एक नाव आणि बँकेत दुसरे असे ठेवू नका; भावाभावांत फाटते ते अशा दोन कागदांवरून. कारखाना, विकास सोसायटी, पाणीपुरवठा संस्था, दूध संस्था यांचे वारस-नामनिर्देशन संस्थेच्या कार्यालयात जाऊन लेखी तपासा. वडिलांनी तीस वर्षांपूर्वी भरलेले नाव कित्येकदा अजून तिथे असते.

५. मृत्युपत्र

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोटरी लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. कायद्याची गरज एवढीच: करणारा सज्ञान आणि शुद्धीत, त्याची सही किंवा अंगठा, आणि दोन साक्षीदार ज्यांनी ती सही होताना पाहिली किंवा सही आपलीच असल्याचे त्याच्या तोंडून ऐकले, आणि मग त्याच्यासमोर स्वतः सह्या केल्या. तरीही नोंदणी कराच. तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात फी नाममात्र असते. माणूस अंथरुणावर असेल तर अर्ज केल्यावर निबंधक घरी किंवा दवाखान्यात येऊन नोंदणी करतात.

मजकूर मराठीतच ठेवा. साक्षीदार, तलाठी, न्यायाधीश सगळे तो वाचणार आहेत. त्यात हे हवे:

- नाव, वय, पत्ता, आणि 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे वाक्य.
- कुटुंबाची पूर्ण ओळख. ज्याला काही देत नाही त्याचेही नाव, आणि का देत नाही ते एका वाक्यात. मुलीचे नावच गाळलेले मृत्युपत्र न्यायालयाला संशयास्पद वाटते.
- प्रत्येक मिळकतीचे गाव, गट क्रमांक, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आकार (शेतसारा) आणि चतुःसीमा. 'नदीकडचे रान' असे लिहून भागत नाही.
- कुणाला काय, आणि तो आधीच वारला तर कुणाला.
- बायकोचा राहण्याचा आणि उत्पन्नाचा हक्क, अगदी स्पष्ट. 'तहहयात उपभोग' लिहिले तर ती विकू शकत नाही. 'पूर्ण मालकी' लिहिले तर विकू शकते. काय द्यायचे आहे ते ठरवूनच शब्द घाला.
- 'वर उल्लेख न केलेली आणि पुढे मिळणारी सर्व मिळकत अमुक यांना' हे कलम. ते नसेल तर नंतर घेतलेला फ्लॅट मृत्युपत्राबाहेर राहतो.
- कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च कशातून भागवायचा.
- अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक आणि तो नसेल तर पर्यायी नाव.

साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि जवळपास राहणारे निवडा. वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला न्यायालयात यावे लागते; दोघेही सत्तरीचे असतील तर त्या दिवशी कुणीच नसण्याचा संभव मोठा. ज्याला मिळकत मिळणार आहे तो किंवा त्याची बायको साक्षीदार नको. मजकूर सांगायला, टंकलिखित करून घ्यायला आणि निबंधकाकडे न्यायलाही तोच मुलगा पुढे असेल, तर मृत्युपत्र खरे असूनही ते सिद्ध करताना दमछाक होते. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांनी किंवा आजारी माणसाने त्याच तारखेचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. प्रत्येक पानावर सही करा आणि खाडाखोड टाळा.

बदल करायचा असेल तर जुन्या कागदावर पेनाने लिहू नका. पुरवणी मृत्युपत्र किंवा सरळ नवे करा. मूळ प्रत कुठे आहे हे व्यवस्थापकाला आणि आणखी एका माणसाला माहीत हवे. एकट्या तुमच्या नावाच्या लॉकरमध्ये ती ठेवली तर लॉकर उघडायलाच वारसांची धावपळ होते. सातारा-सांगलीतल्या मिळकतीच्या मृत्युपत्राला प्रोबेट (न्यायालयाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेणे) सक्तीचे नाही. नोंदीसाठी मृत्युपत्र आणि मृत्यू दाखला घेऊन अर्ज करायचा. वारसांनी हरकत घेतली तर मात्र दिवाणी न्यायालय आलेच.

६. हयातीत द्यायचे असेल तर

बक्षिसपत्र केले की मिळकत लगेच गेली आणि ती मनात आले म्हणून परत घेता येत नाही. दस्त नोंदणीकृत हवा, दोन साक्षीदार हवेत, आणि घेणाऱ्याने तुमच्या हयातीत स्वीकार केलेला हवा. राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाची पत्नी यांना दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. पण स्थानिक संस्थेचा अधिभार लागू असेल तर तो बाजारमूल्यावर आकारला जातो. १ टक्का धरला तरी ४० लाखांच्या घराला ४०,००० रुपये होतात. दुकान, गाळा, भाऊ, पुतण्या यांना ही सवलत नाही. दस्तापूर्वी निबंधक कार्यालयात मूल्यांकन करून घ्या.

शेतजमीन शेतकरी नसलेल्याला बक्षीस देता येत नाही. पत्नीला किंवा सुनेला पैसे किंवा ठेवी बक्षीस दिल्या तर त्यावरचे व्याज प्राप्तिकरासाठी तुमच्याच उत्पन्नात धरले जाते.

राहते घर देणार असाल तर 'देणाऱ्याचा आणि पत्नीचा सांभाळ, औषधपाणी, आणि त्याच घरात राहण्याचा हक्क' ही अट दस्तातच घाला. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम २३ खाली सांभाळ केला नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरण बक्षिसपत्र रद्द करू शकते, पण अट लिहिलेली नसेल तर ते अवघड जाते. आमचा आग्रह आहे: राहते घर हयातीत देऊच नका, ते मृत्युपत्रात ठेवा. मुलगा कितीही चांगला असला तरी आईवडिलांनी आपल्याच घरात पाहुण्यासारखे राहायची वेळ येऊ नये.

वाटणी: सर्व सहधारकांची संमती असेल तर शेतजमिनीची वाटणी तहसीलदारांकडे कलम ८५ खाली कमी खर्चात होते. आदेशानंतर भूमी अभिलेखाकडून पोटहिस्सा मोजणी करून घ्या, नाहीतर वाटणी कागदावरच राहते. शेतजमिनीच्या नोंदणीकृत वाटणीपत्रावरची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय शासनाने २०२५ मध्ये घेतला आहे.

हक्कसोडपत्र: ते नोंदणीकृतच हवे. तलाठ्याकडे दिलेल्या वर्दीने (लेखी खबरीने) बहिणीचा हक्क जात नाही, आणि पंधरा वर्षांनी भाचे दावा लावतात. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरचा हक्क सोडून घेणे निरर्थक आहे, कारण तो हक्क अजून आलेलाच नसतो. हक्क कुणाच्या लाभात सोडला ते नावानिशी लिहा. बहिणीला साडीचोळीवर वाट दाखवायची आणि पुढे जमीन महामार्गात गेल्यावर मोबदल्यासाठी तिच्या सहीला धावायचे, हे बंद व्हायला हवे. तिचा हिस्सा रोख, ठेव किंवा प्लॉट अशा रूपात द्या आणि दस्तात तसे लिहा.

७. ट्रस्ट कधी, आणि कसा

खासगी कौटुंबिक ट्रस्ट भारतीय न्यास अधिनियम १८८२ खाली होतो. धर्मादाय आयुक्तांचा त्याच्याशी संबंध नाही; ते सार्वजनिक ट्रस्टसाठी. देणारा तो संस्थापक, सांभाळणारे विश्वस्त, आणि ज्यांच्यासाठी ते लाभार्थी.

तो उपयोगी पडतो तो अशा घरांत: मूल गतिमंद, स्वमग्न किंवा बहुविकलांग आहे आणि आईवडिलांनंतर आयुष्यभर खर्च चालायला हवा, मुले अज्ञान (१८ वर्षांखालची) आहेत, वारस व्यसनी किंवा कर्जबाजारी आहे, दुसऱ्या लग्नाची बायको आणि पहिल्या लग्नाची मुले दोघांचीही सोय करायची आहे, किंवा भाड्याची इमारत आहे, जी वाटली तर मोडेल. यांपैकी काहीच नसेल तर मृत्युपत्र पुरते.

विकलांग मुलासाठी ट्रस्टच्या बरोबरीने राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली कायदेशीर पालक नेमून घ्या. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. ट्रस्ट पैसे सांभाळतो. सही करणारा, दवाखान्यात निर्णय घेणारा पालक वेगळा लागतो.

मार्ग दोन. पहिला, मृत्युपत्रातच ट्रस्टची कलमे लिहायची. ट्रस्ट तुमच्या पश्चात सुरू होतो, आज खर्च नाही, मन बदलले तर मृत्युपत्र बदलता येते. आपल्या भागातल्या बहुतेक गरजू घरांना हाच सोयीचा. दुसरा, हयातीतच ट्रस्ट करायचा. स्थावर मिळकत असेल तर त्याचा दस्त लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे.

शेतजमीन ट्रस्टमध्ये घालू नका. कूळकायदा, वर्ग २ चे निर्बंध आणि शेतकरी असण्याची अट यांत ती अडकते. ट्रस्टसाठी योग्य म्हणजे ठेवी, म्युच्युअल फंड, शेअर, फ्लॅट, भाड्याचे गाळे. मुलाला थेट बक्षिसासाठी असलेली २०० रुपयांची सवलत ट्रस्टलाही मिळेल असे गृहीत धरू नका. मसुदा सह जिल्हा निबंधकांकडे अभिनिर्णयासाठी देऊन मुद्रांक शुल्क आधी ठरवून घ्या.

दस्तात हे विषय सुटता कामा नयेत:

विश्वस्त तीन असावेत, आणि सगळेच लाभार्थी नकोत. 'बहुमताने निर्णय' हे स्पष्ट लिहा. १८८२ च्या कायद्यात दस्तात वेगळे काही नसेल तर सर्व विश्वस्तांची एकमताने कृती लागते, आणि एक रुसला की बँक खाते थांबते. विश्वस्त वारला, आजारी पडला, परदेशी गेला तर पुढचा कोण आणि तो कसा निवडायचा, हेही लिहा. मानधन द्यायचे असेल तर तेही; दस्तात नसेल तर विश्वस्ताला ते घेता येत नाही.

लाभार्थ्यांचे वाटे ठरलेले की विश्वस्तांच्या मर्जीवर, हा निर्णय कराच्या दृष्टीने सर्वात महागडा. वाटे ठरलेले असतील तर कर साधारणपणे लाभार्थ्याच्या दराने लागतो. मर्जीवर ठेवले तर ट्रस्टला बहुधा सर्वोच्च दराने. केवळ अवलंबून असलेल्या नातेवाइकासाठी मृत्युपत्राने केलेला एकमेव ट्रस्ट असेल तर त्याला सर्वसाधारण दरांची सवलत आहे, आणि विकलांग मुलाच्या बाबतीत ती फार मोलाची ठरते. ट्रस्ट रद्द करण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला तर उत्पन्न तुमचेच धरले जाते. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुने मसुदे जसेच्या तसे उतरवू नका.

ट्रस्ट कधी संपणार आणि उरलेली मिळकत कुणाची, हेही ठरवा. कायमचा ट्रस्ट खासगी कुटुंबाला करता येत नाही.

कर्ज थकलेले असताना घाईने केलेला ट्रस्ट कर्ज देणाऱ्यांना फसवण्यासाठी केला म्हणून रद्द होऊ शकतो. ट्रस्टमध्ये टाकून जप्ती वाचवू, असे सांगणाऱ्या सल्लागारापासून लांब राहा.

दस्तानंतर ट्रस्टचा पॅन, ट्रस्टच्या नावाचे बँक खाते, आणि प्रत्येक मिळकत प्रत्यक्ष ट्रस्टकडे वर्ग करणे. हे शेवटचे काम पुष्कळ लोक करत नाहीत. दस्त कपाटात आणि ठेवी अजून वडिलांच्याच नावावर. मग दरवर्षी हिशेब, विवरणपत्र आणि विश्वस्तांच्या निर्णयांचे इतिवृत्त. या कामाला सनदी लेखापाल लागतो. त्याची फी, मुद्रांक आणि वकिलाचा खर्च धरूनच ट्रस्ट परवडतो का ते बघा.

८. माणूस गेल्यावर वारसांनी करायची कामे

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा आणि दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्या. सातबाऱ्यावरच्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. सिटी सर्व्हेतल्या मिळकतीसाठी भूमी अभिलेख उपअधीक्षक, घरपट्टीसाठी नगरपालिका किंवा ग्रामपंचायत, वीजजोडासाठी महावितरण, शिवाय सोसायटी, कारखाना, बँक, विमा. प्रत्येक ठिकाणी अर्जाची पोच घ्या.

मृत्युपत्र नसेल आणि ठेवी किंवा शेअरला नॉमिनीही नसेल तर दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र घ्यावे लागू शकते. तलाठ्याकडच्या वंशावळीच्या प्रतिज्ञापत्राला न्यायालयाच्या दाखल्याचे बळ नाही.

फेरफार चुकीचा मंजूर झाला तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलाची मुदत ६० दिवस असते. फेरफार म्हणजे महसुलाची नोंद, तेवढ्याने मालकी जात नाही. पण चुकीची नोंद वर्षानुवर्षे तशीच राहिली की तिच्या आधारे कर्जे निघतात, विक्री होते आणि गुंता वाढतो. नोटीस आली की त्याच आठवड्यात लेखी हरकत द्या, आणि हरकतीच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.